तांब्याच्या बंबाला रंग द्यावा का? आधी पाणी कुठवर आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीचा अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब वीसेक वर्षं कोकणातल्या घराच्या पडवीत पडून होता. मधे कधीतरी कुणीतरी त्याला वरपासून खालपर्यंत चंदेरी रंग फासला. तो आता पापुद्र्यांनी सुटतोय, बुडाशी हिरवं आलंय आणि पत्र्याचं धुराडं गंजलंय. पावसाळ्यात घर पाहुण्यांसाठी उघडायचं आहे, म्हणजे बंब रोज पेटणार. गावातला रंगारी म्हणतो, खरवडून उष्णता सोसणारा काळा रंग मारू. शहरातला पॉलिशवाला म्हणतो, चाकावर घासून (बफ करून) वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, चढवू. यातलं कुणाचं ऐकायचं?

माझं उत्तर आधीच सांगतो. बंबाच्या तांब्याच्या अंगाला रंगही नको आणि लॅकरही नको. धुराड्याला आणि खालच्या लोखंडी बैठकीला मात्र रंग हवाच, आणि तो रंगारी म्हणतोय तोच. म्हणजे रंगाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्याची जागा चुकतेय. बंब ही एक वस्तू दिसते, पण रंगाच्या दृष्टीने त्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. ज्या पत्र्याच्या मागे पाणी आहे तो एक, आणि ज्याच्या मागे पाणी नाही तो दुसरा. मी सव्वीस वर्षं तांब्या-पितळेची दुरुस्ती करतोय. रंगवून बिघडलेले जेवढे बंब माझ्याकडे आले, त्यातले बहुतेक या दोन भागांना एकच औषध लावल्यामुळे बिघडले होते.

बंबाची रचना डोळ्यांसमोर आणा. मधे उभा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीवर जळण, आणि नळ्याभोवती पाणी. आग कितीही मोठी केली तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि पाण्याला चिकटलेलं तांबंही त्याच्या फार पुढे जात नाही, कारण तांबं उष्णता ताबडतोब पाण्याला देऊन टाकतं. म्हणूनच बंबाचे सांधे नुसत्या कथील-शिशाच्या झाळीवर (सोल्डरवर) वर्षानुवर्षं टिकतात. ती झाळ १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागते. नळ्यातली ज्वाळा त्याच्या कितीतरी पट गरम असते, तरी झाळ शाबूत राहते ती पाठीमागच्या पाण्यामुळे. एकदा एका लग्नघरात बंब धगधगत असताना पाणी संपलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बंब माझ्याकडे आला तेव्हा खालच्या सांध्यातली झाळ थेंब-थेंब होऊन राखेत पडलेली होती.

याउलट जाळीखालचा राखेचा कप्पा, त्याचं दार आणि वर निघणारं धुराडं यांच्या मागे पाणी नसतं. तिथला पत्रा तीनशे अंशांच्या पुढे सहज जातो. साधा तेलरंग त्याआधीच पिवळा पडतो, करपतो आणि गळून पडतो. तिथे खास रंगच लागतो.

मग तुम्ही विचाराल, अंगाचं तांबं जर शंभरच्या आतच राहतं, तर तिथे साधा रंगसुद्धा टिकायला हवा. उष्णतेपुरतं बोलायचं तर टिकेल. पण तो दुसऱ्या कारणाने जातो. गुळगुळीत तांब्यावर रंगाला धरायला जागा नसते. शिवाय तांबं तापलं की पसरतं. साठ सेंटिमीटर उंचीचा बंब गार पाण्यापासून चांगलं कढत पाणी होईपर्यंत सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो आणि निवला की परत आकसतो. हे रोज होतं. तेलरंग पहिलं वर्ष ताणला जातो, मग कडक होतो आणि मग तडकतो. त्या तडीतून न्हाणीघरातला दमटपणा आत शिरतो आणि रंगाच्या खाली, नजरेआड, तांबं हिरवं व्हायला लागतं.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका आजींचा बंब मी हौसेने अख्खा रंगवून दिला, दिसायला नवा कोरा. पुढच्या पावसाळ्यानंतर तो परत आला. तोटीच्या बुडाशी सांधा पाझरत होता, पण रंगामुळे पाझर बाहेर न दिसता पापुद्र्याखालून खाली उतरत राहिला आणि बुडाचा पत्रा टाचणीच्या भोकांनी भरला. तांबं उघडं असतं तर पहिल्या आठवड्यातच हिरवी रेघ दिसली असती आणि एका झाळीत काम झालं असतं. त्या बंबाचं बूडच बदलावं लागलं. तेव्हापासून पाण्यामागच्या तांब्यावर मी काहीही चढवत नाही. उघडं तांबं स्वतःची तक्रार स्वतः सांगतं, ती झाकून टाकायची नाही, असं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो.

आता काही गोष्टी तुमच्या बंबावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. एक म्हणजे तोटी कुठे आहे. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर येतं. असा बंब कधी रिकामा होत नाही. तुमचा तसा असेल तर फार काळजी नाही. तोटी खाली असेल तर मात्र पाहुणे पाणी काढत राहतात, पातळी उतरत जाते, आणि आत नळ्याचा वरचा भाग कोरडा तापायला लागतो. अशा बंबात नळा जिथे वरच्या पत्र्याला मिळतो तो सांधा आधी तपासून घ्या. दुसरं म्हणजे तुमचा बंब खरोखर पूर्ण तांब्याचा आहे का. चंदेरी रंगाखाली बैठक लोखंडाची, अंग तांब्याचं आणि तोटी पितळेची असं बऱ्याचदा निघतं. लोहचुंबक लावून पाहा. आणि तिसरं, बंब वापरायचाच आहे ना? दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असता तर मी पॉलिशवाल्याच्याच बाजूने बोललो असतो. आग न पाहणाऱ्या तांब्यावर लॅकर काही वर्षं चांगलं राहतं. रोज तापणाऱ्या अंगावर ते आधी पिवळं पडतं, मग डागाडागांनी सुटतं, आणि उरलेलं काढताना जीव जातो.

पाण्याची रेषा कुठे आहे हे नजरेने ठरवू नका. बंब गच्च भरा, पेटवा, वीस-पंचवीस मिनिटांनी बोटं पाण्यात बुडवून वरपासून खालपर्यंत थेंब शिंपडत या. पाण्यामागच्या पत्र्यावर थेंब गुपचूप ओघळतो आणि सावकाश सुकतो. कोरड्या पत्र्यावर तो चर्र करून उडतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. खुणेच्या एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला फक्त घासणं. मात्र ही परीक्षा जुना रंग काढल्यावर आणि गळती तपासल्यावर करायची, नाहीतर करपलेल्या रंगाचा धूर घरभर होईल.

जुना रंग काढणं हे या कामातलं सगळ्यात किचकट काम आहे आणि इथेच लोक घाई करतात. ब्लोलॅम्पने जाळून काढू नका. झाळ वितळेल, आणि जुन्या रंगात शिसं असेल तर त्याचा धूर थेट तुमच्या छातीत जाईल. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमच्या बंबावरचा रंग त्याच्या आधीचा असू शकतो, तेव्हा शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा घासायचा नाही, नाकाला चांगला मास्क हवा, मुलांना लांब ठेवा, खाली जुनी ताडपत्री अंथरा आणि निघालेले पापुद्रे गोळा करून वेगळे बांधून ठेवा. ते चुलीत घालू नका आणि परसात पुरू नका.

मी असं करतो. बंब अंगणात घेतो, पेटवत नाही, दुसरीकडे तापवलेलं कढत पाणी त्यात भरतो. एक लिटर उकळत्या पाण्यात साधारण शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवतो. जुनी सुती धोतरं किंवा गोणपाट त्यात भिजवून बंबाला गुंडाळतो आणि वरून प्लास्टिक बांधतो. हातात रबरी मोजे. सोडा तेलरंगाची पकड सोडवतो, आतली उष्णता त्याला मदत करते. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते, तिच्यावर सोडा पडला की बारीक बुडबुडे येतात. तो वायू पेट घेणारा असतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून लांब. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो कातडी जाळतो. तीन-चार तासांनी गोणपाट सोडलं की रंग मऊ पडलेला असतो. तो बांबूच्या चिपेने किंवा लाकडी पट्टीने ढकलायचा. एका वेळी सगळा निघणार नाही, दुसऱ्या दिवशी परत गुंडाळा. सांध्यांच्या कोपऱ्यात राहिलेल्याला बाजारातलं रंग काढायचं रसायन थोडं-थोडं लावा. तारेचा ब्रश आणि ग्राइंडर तांब्याजवळ आणू नका. जुन्या बंबांवर तांबटाने हातोडीने घातलेले ठोके असतात, त्याला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते अजून हाताने होतं. त्या ठोक्यांनी पत्रा नुसता सुंदर होत नाही, कडकही होतो. एक बेफिकीर बफचं चाक ते ठोके सपाट करतं आणि पत्राही पातळ करतं.

रंग निघाला की लगेच पॉलिशकडे वळू नका. आधी गळती पाहा. बंब बाहेरून पूर्ण कोरडा करा, सगळ्या सांध्यांवर खडूची पूड चोळा, पाणी भरा आणि रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. जिथे पूड ओली होऊन गडद दिसेल तिथे पाझर आहे. तुम्ही बुडाशी हिरवं म्हणताय, तो कळंक नुसता दमट हवेचाही असू शकतो. पण तो एका रेषेत, सांध्याच्या बाजूने आला असेल तर माझा संशय पाझरावर जाईल. एपॉक्सीची लांबी, म्हणजे पुटी, भरून तो बुजवू नका. दोन महिन्यांत ती सुटते आणि मग तिच्याखाली झाळ धरत नाही. झाळणाऱ्याला दाखवा आणि त्यानंतरच पुढे जा. आणखी एक, झाळीत शिसं असतं म्हणून बंबातलं पाणी पिऊ नका, चहालाही घेऊ नका. अंघोळीला ते उत्तम आहे. पाहुण्यांनाही हे सांगून ठेवा.

घासणीबद्दल फार सांगायला नको, तुमच्या आजीने जे केलं असेल तेच. चिंचेचा कोळ आणि मीठ, कोकणात आमसुलं, नाहीतर लिंबाची फोड. आंबटाने तांब्यावरचा काळपटपणा आणि कळंक विरघळतो, मीठ त्याला जोर देतं. पितांबरीनेही चालतं. एकच गोष्ट लोक विसरतात. घासून झाल्यावर आंबट पूर्ण निघालं पाहिजे. सांध्यांच्या खाचेत चिंच राहिली तर आठ दिवसांत तिथेच हिरवं फुटतं. म्हणून शेवटी राखेच्या पाण्याने एक हात फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा. मेण किंवा खोबरेल लावायचा मोह होतो. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, बंब त्याच्या वर तापतो, ते ओघळतं. तेलावर काजळी आणि धूळ चिकटते. दोन्ही नको.

लखलखीत ठेवायचा का तपकिरी होऊ द्यायचा, हा आवडीचा प्रश्न आहे. चकचकीत तांबं काळवंडलेल्या तांब्यापेक्षा कमी उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे घासलेल्या बंबातलं पाणी थोडं जास्त वेळ गरम राहतं. रोज घासायचं बळ कुणाला असतं? पंधरा दिवसांतून एकदा, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीआधी मन लावून, एवढं पुरे. मधल्या काळात येणारा तपकिरी रंग हा बिघाड नव्हे, पातळसा थर आहे आणि तो तांब्याला सांभाळतो. घाबरायचं ते फक्त हिरव्याला.

आता रंगाचं काम, म्हणजे धुराडं आणि बैठक. धुराड्याचा पत्रा गंजलाय म्हणता. काठीने टोकून बघा, आरपार गेली तर रंगवण्यात अर्थ नाही, नवं करून घ्या. करताना बंबाजवळचा पहिला हातभर तुकडा जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा घेऊ नका. तिथे तो इतका तापतो की जस्त सुटतं आणि वरचा रंगही घेऊन जातं. साधा काळा पत्रा घ्या.

पत्रा ठीक असेल तर तारेचा ब्रश इथे खुशाल वापरा. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० नंबरचा, गंजाचा लाल डाग उरता कामा नये. पुसायला रॉकेल घेऊ नका. ते मागे तेलकट पातळ थर ठेवतं आणि सगळा रंग त्या थरावर बसतो. थिनरने पुसा, वाळू द्या, नंतर उघड्या हाताने शिवू नका. रंगारी सवयीने खाली रेड ऑक्साइडचा हात मारेल, त्याला थांबवा. तो खिडकीच्या गजांना ठीक आहे, इथे तो करपतो आणि वरच्या चांगल्या रंगासकट गळतो. उष्णता सोसणारा रंग थेट उघड्या लोखंडावर बसतो. डब्यावर तापमान लिहिलेलं असतं, दोनशे अंशांचा स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. सहाशे अंशांचा सिलिकोनवाला घ्या. ब्रशने दोन पातळ हात पुरतात. जाड हात तापल्यावर फुगतो. स्प्रेचा डबा वापरलात तर जवळपास विस्तव नको आणि पत्रा गार हवा.

हा रंग वाळला म्हणजे तयार झाला असं नाही. तो हाताला सुका लागतो, पण नखाने ओरखडा पडतो. पक्का तो उष्णतेनेच होतो, आणि ती हळूहळू द्यावी लागते. रंग एक दिवस वाळू द्या. मग बंब पाण्याने गच्च भरा, हे विसरू नका, कारण रंग भाजण्याच्या नादात लोक रिकामाच बंब पेटवतात. पहिल्यांदा नुसत्या काटक्या, पंधरा-वीस मिनिटं, आणि पूर्ण निवू द्या. दुसऱ्यांदा थोड्या ढलप्या, परत निवू द्या. तिसऱ्यांदा नेहमीची पूर्ण आग अर्धा-पाऊण तास. या तीन वेळांत उग्र वास आणि थोडा धूर येणार. दारं-खिडक्या उघडी ठेवा, लहान मुलं आणि दमेकरी तेवढा वेळ बाहेर. चौथ्यापासून वास येत नाही. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उरकून घ्या. पाऊस लागल्यावर घासलेलं लोखंड दुपारपर्यंत परत लाल होतं आणि रंग त्या लालीवर बसतो.

बैठकीबाबत एक बारीक गोष्ट. लोखंडाचे पाय जिथे तांब्याला टेकतात तिथे ओलाव्यात लोखंड नेहमीपेक्षा लवकर गंजतं, दोन धातू ओले एकत्र राहिले की तसं होतंच. त्या जागी रंगाचे दोनऐवजी तीन हात द्या, आणि न्हाणीघराच्या फरशीवर पाय थेट न ठेवता खाली दगडाचे किंवा विटांचे तुकडे घाला, म्हणजे अंघोळीचं पाणी साचून राहणार नाही.

थोडक्यात क्रम असा. जुना रंग सोड्याने काढायचा, गळती पाहून झाळून घ्यायची, थेंब शिंपडून पाण्याची रेषा आखायची, रेषेच्या आतलं तांबं आंबटाने घासून उघडंच ठेवायचं आणि बाहेरचं लोखंड रंगवून तीन आगींत पक्कं करायचं. 

एवढं झालं की पुढे सांभाळायची ती मुख्यतः राख. कोकणात सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, झावळ्या जाळतात, त्यांची राख क्षारांनी भरलेली असते आणि पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेते. ती ओली राख कप्प्यात पडून राहिली की जाळी आणि बैठक आतून खाल्ली जाते, बाहेरचा रंग कितीही चांगला असला तरी. रोज निवलेली राख काढा. बंब काही दिवस पेटणार नसेल तर पाणीही काढून टाका आणि धुराड्याच्या तोंडावर टोपी आहे ना ते बघा, नाहीतर पाऊस थेट जाळीवर उतरतो. महिन्यातून एकदा नळ्यातून ब्रश फिरवून काजळी पाडा. तिथे आतून घासून चमकवायची गरज नाही, फक्त काजळीचा जाड थर नको, तो उष्णता अडवतो आणि जळण जास्त लागतं. ओल्या सोडणांनी तर नळ्यात डांबरासारखा चिकटा धरतो, म्हणून पावसाळ्याचं जळण आत्ताच माळ्यावर चढवून ठेवा.

विहिरीचं पाणी जड असेल तर आतून क्षारांचा पांढरा थर बसतो. मग आग तीच, वेळ तोच आणि पाणी मात्र कोमटच, असं व्हायला लागतं. तसं दिसलं की लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून, साधारण एका लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम, बंबात भरा, पेटवू नका, रात्रभर ठेवा, सकाळी तोटीतून सोडून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. वर्षातून एकदा पुरेल. त्याच वेळी तोटी खोलून तिची चावी पुसून घ्या. जुन्या पितळी तोट्या घट्ट होतात, मग कुणीतरी पाहुणा जोर लावून फिरवतो आणि तोटीच्या बुडाची झाळ तडकते. खडूच्या पुडीची परीक्षा तिथे दर पावसाळ्याआधी करत जा.